उपाशी उंदरांना शिरा

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे एका औषधाच्या अभ्यासात गेली. औषधाचे नाव फेनोबार्बिटोन. ते फिट थांबवण्यासाठी देतात. पूर्वी झोपेसाठीही देत. जुने आहे, स्वस्त आहे, आणि बहुतेक रोग्यांना त्याचा उपयोगच होतो. ज्या थोड्या लोकांना ते घातक ठरते, त्यांच्याविषयी आमचे काम होते. मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवीत असे. रोगी तपासणे माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे उंदीर होते.

विषय थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची हकिगत त्यावर उभी आहे. रक्ताला लाल रंग देणारा पदार्थ शरीर पायरीपायरीने तयार करते. यकृतालाही तो लागतो. प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम असते. काही घराण्यांत यांपैकी एका पायरीवरचे एन्झाइम जन्मतःच निम्मे असते. निम्म्यावर आयुष्यभर भागते. पुष्कळांना ते कळतही नाही. फेनोबार्बिटोन मात्र यकृताला जादा कामाला जुंपते. उपवासानेही तेच होते. मग अडलेल्या पायरीच्या अलीकडे कच्चा माल साचत जातो आणि मज्जातंतूंना बाधतो. पोटात असह्य कळा येतात, हातापायांतले बळ जाते, रोगी भ्रमात बोलतो, फिटही येते. साचलेला माल लघवीवाटे बाहेर पडतो, आणि ती लघवी उन्हात ठेवली की गडद होत जाते. या विकाराला पोरफायरिया म्हणतात. फिट आली म्हणून फेनोबार्बिटोन दिले, तर विकार आणखी भडकतो.

उंदरांमध्ये अशीच स्थिती आम्ही औषधे देऊन निर्माण करीत असू. प्रयोगाच्या आधी त्यांना उपाशी ठेवावे लागे, म्हणजे परिणाम ठळक दिसे. अशा पिंजऱ्यावर खडूने ‘उपाशी’ असे लिहिण्याची आमच्याकडे पद्धत होती. एका नवरात्रात साचलेल्या मालाचे सगळे आकडे एकदम खाली आले. औषध तेच, मात्रा तीच, उंदीर एकाच पिढीचे. आमच्या मार्गदर्शकांनी द्रावणे पुन्हा तयार करवून घेतली, तराजू तपासला, माझ्यावर संशय घेतला. शेवटी एका पिंजऱ्याच्या भुशात बेदाणा सापडला.

प्राणीगृहाच्या परिचराला बोलावले.

“सर, अष्टमी होती,” तो म्हणाला. “घरी देवीपुढे शिरा केलता. आन् इथं एवढे जीव उपाशी. मले घास गेला नाई.”

“तुला घास गेला नाही आणि माझा प्रयोग गेला,” मार्गदर्शक म्हणाले. “पिंजऱ्यावर काय लिहिले होते?”

“उपाशी लिहिलं होतं, सर. मी म्हटलं उपासच असन, तर उपासाचा शिरा चालते.”

मार्गदर्शकांनी त्याला बाहेर जाण्यास सांगितले. बराच वेळ ते त्या बेदाण्याकडे पाहत बसले. नंतर तोच प्रयोग आम्ही मुद्दाम केला. काही उंदरांना साखर दिली, काहींना दिली नाही. साखर खाल्लेल्या उंदरांत विकार दबला. शोध आमचा नव्हता. जगात इतरत्र तो आधीच लागलेला होता आणि आमच्या वाचनात यायचा राहिला होता. आम्हाला तो शिऱ्यामुळे कळला. मी निवृत्त झालो तेव्हा यातले माझ्याकडे एवढेच शिल्लक होते: उपास आणि फेनोबार्बिटोन एका बाजूला, साखर दुसऱ्या बाजूला.

माझी धाकटी बहीण कारंज्याला दिलेली आहे. हमरस्त्यापासून थोडे आत त्यांचे शेत आणि संत्र्याचा बगीचा आहे. मेहुणे गेले, आता सगळे भाचा पाहतो. त्या घरात नवरात्राचा घट कडक असतो. घटाला माळ चढवणारी बाई नऊ दिवस अन्न घेत नाही. पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ लवंगांची जोडी. व्रत सासूकडून सुनेकडे जाते. बहिणीने ते वर्षानुवर्षे केले, नंतर तिच्या सुनेने. गेल्या वर्षी सुनेला मधुमेहाचे औषध सुरू झाले आणि डॉक्टरांनी उपवास बंद करवला. बहिणीचे वय झालेले. तेव्हा माळ चढवायला नात पुढे झाली. ती कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. व्रताची तिला हौस नव्हती. व्रत तुटणार म्हणून आई रडत होती, ते तिला पाहवले नाही.

पाचव्या माळेला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. पोट दुखले की लंघन करायचे, ही आमच्याकडची जुनी समजूत. ती आधीच उपाशी होती, म्हणून तिचे पाणीही कमी करण्यात आले. कळा वाढल्या. बहीण म्हणाली, देवी परीक्षा पाहते आहे. पोरगी कोणालाच ओळखेनाशी झाली तेव्हा भाच्याने तिला गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे तिला फिट आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहतो; पत्नी गेल्यापासून एकटाच.

“मामा, पोरीले काल फिट आली. इंजेक्शन देल्लं, फिट थांबली. पण पोरगी काहीच्या काही बोलून राह्यली. पाय उचलत नाई. पोटात अशा कळा, का खाट हालते. सोनोग्राफी केली, त्यात काहीच नाई.”

“लघवीचा रंग कसा आहे?”

“आँ?”

“रंग विचारतो आहे.”

तो कोणाशी तरी बोलला. “लालसर आहे म्हंते नर्स. मामा, तुमाले कसं माईत?”

“इंजेक्शन कोणते दिले ते विचार.”

पलीकडून त्याने नाव वाचून दाखवले. मी खुर्चीवर बसलो होतो, तो उठलो. डॉक्टर राउंडवर होते, फोनवर येऊ शकले नाहीत. पुढचा डोस दुपारी होता. मी भाच्याला सांगितले की मी येईपर्यंत तो डोस थांबवण्याची डॉक्टरांना विनंती कर, आणि स्वच्छ पांढऱ्या काचेच्या दोन बाटल्या मिळवून ठेव.

आर्वीमार्गे जाणारी बस मिळाली. खिडकीची जागा होती. बाहेर कपाशी होती. मी ती पाहिली नाही. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत होतो: माझे चुकत असेल तर काय. चुकत असेल आणि औषध बंद झाले, तर पोरीला पुन्हा फिट येईल आणि ती माझ्या शब्दामुळे येईल. बरोबर असेल आणि औषध चालू राहिले, तर पायांनंतर हात जातील, आणि हातांनंतर श्वास. मी डॉक्टर नाही, हे मला पूर्ण ठाऊक होते. उंदीर सोडून कोणाच्याही प्रकृतीविषयी मी आयुष्यात निर्णय दिलेला नव्हता. कारंजा येईपर्यंत मी ठरवले की बोलायचे, आणि मागे हटायचे नाही.

बहीण दवाखान्याच्या पायरीवर बसली होती.

“तू काहाले आला, दादा? तुह्याच्यानं जिना तरी चढवते का?”

“चढलो तर बघ.”

“बाटल्या मांगून राह्यला म्हंते माहा पोरगा. लेकरू मरून राह्यलं आन् याले बाटल्या पाह्यजे.”

मी जिना चढून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. माझे म्हणणे त्याने उभ्यानेच ऐकले. नंतर खुर्ची दिली आणि स्वतः बसला.

“सर, पोरफायरिया आम्ही पुस्तकात वाचला आहे. प्रत्यक्ष कधी पाहिला नाही.”

“मीही नाही. माणसात नाही.”

“फिट या औषधाने थांबली. बंद केले आणि पुन्हा आली तर घरचे लोक मला विचारतील.”

“बरोबर विचारतील. म्हणून माझ्या शब्दावर करू नका. एकच नमुना दोन बाटल्यांत घ्या. एक कपाटात अंधारात ठेवा, एक उन्हात. दुपारपर्यंत दोन्ही शेजारी ठेवून पाहा. ही पक्की चाचणी नाही. लघवी लाल होण्याची दुसरीही कारणे असतात. पण तुमच्या हाताशी आज हीच आहे. तोवर रक्तातले सोडियम तपासा, ते उतरल्यानेही फिट येते, आणि नुसत्या सलाइनऐवजी ग्लुकोज लावा. ग्लुकोजने तिचे नुकसान होणार नाही.”

त्याने केसपेपर उलटला. “सोडियम कमीच आले आहे सकाळी,” तो म्हणाला. “ग्लुकोज देताना ते आणखी उतरू नये, हे पाहावे लागेल.”

“ते तुम्हीच पाहा. मला ते येत नाही.”

तो हसला नाही, पण त्याने नर्सला हाक मारली.

उन्हातली बाटली आम्ही गच्चीच्या कठड्यावर ठेवली. ऑक्टोबरचे ऊन होते. मी बाटलीशेजारी सावलीत स्टूल टाकून बसलो. काही वेळाने बहीण धापा टाकत वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“पोरगा म्हंते, तू फिटीचं औषध बंद कराले लावतं.”

“हो.”

“ज्यानं फिट थांबली तेच बंद? तू उंदराचा डॉक्टर, दादा! माही नात उंदीर आहे का?”

“नाही. म्हणूनच आलो.”

“आन् उपासानं असं होते म्हंतं तू. मी सून म्हणून आली तवापासून नऊ-नऊ दिवस लवंगेवर काढले. मले काऊन नाई झालं? माह्या सुनेले काऊन नाई झालं?”

हा प्रश्न योग्य होता. मी बसमध्ये त्याचा विचार केला नव्हता. तो तिथे, गच्चीवर, तिने विचारल्यावर केला.

“तू या घरात बाहेरून आली,” मी म्हणालो. “तुही सूनही बाहेरून आली. घट आजवर सुनांनी केला. हा विकार रक्तातून येतो. नात ही या घरची लेक आहे. या घरच्या लेकीनं कधी हा उपास केला होता का?”

ती वळली. कठड्याकडे पाहत राहिली. बाटलीतला रंग एव्हाना बदलला होता. सकाळी फिकट लालसर होता. आता कोऱ्या चहाहून गडद, वरच्या बाजूला जांभळाच्या रसासारखा. खालून डॉक्टर कपाटातली बाटली घेऊन आला आणि त्याने ती शेजारी ठेवली. ती सकाळी होती तशीच होती.

बहीण कठड्याजवळ गेली. हात लावला नाही. वाकून पाहिले.

“नणंदेच्या लुगड्याले असेच डाग पडत,” ती म्हणाली.

ती स्वतःच बोलत गेली. मेहुण्यांची एक बहीण होती. नवऱ्याने टाकलेली, माहेरीच राहणारी. माझ्या बहिणीच्या लग्नानंतर सुरुवातीच्या काही वर्षांत ती हट्टाने घटाचा उपास करीत असे. मधल्या कुठल्या तरी माळेला ती ओरडू लागे, लोळू लागे, असंबद्ध बोले. अंगात आले, असे सगळे म्हणत. गावच्या बाया ओटी भरायला येत. लुगडे वाळत घातले की उन्हात त्यावर गडद लाल डाग उमटत, आणि देवीचे कुंकू उतरले म्हणून त्या लुगड्याला हात लावून नमस्कार करीत.

“मी तिच्या पायावर डोकं ठेवत होती, दादा. तिचे पाय थंडे राहत. हालत नसत. आम्ही म्हणत होतो, देवी बसली आहे. मंग एका सालाले ती उठलीच नाई.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिले. पुरावा म्हणून बाटलीपेक्षा हा मोठा होता, आणि तो आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळला.

“डोस देत नाही,” तो म्हणाला. “फिटसाठी दुसरे औषध आहे, जे यात चालते. आणि पेशंटला इथे ठेवत नाही. वर्ध्याला मोठ्या रुग्णालयात हलवू या. श्वासाला मदत लागली तर माझ्याकडे सोय नाही.”

भाचा गच्चीच्या दारात उभा होता. त्याने आईकडे पाहिले. त्या घरात आजवर तिच्या शब्दाशिवाय काही झालेले नाही.

“मले काय पाह्यतं?” ती म्हणाली. “गाडी बलाव.”

रुग्णवाहिकेत मी समोर बसलो. दोन्ही बाटल्या माझ्या मांडीवर होत्या. हिसक्याने फुटू नयेत म्हणून बहिणीने त्या स्वतःच्या पदराच्या फडक्यात गुंडाळून दिल्या होत्या. पदर तिने दाताने फाडला.

वर्ध्याच्या रुग्णालयात तपासणी झाली. अल्डिहाइडचा अभिकर्मक, म्हणजे तपासणीचे रसायन, घालताच लघवीचा नमुना लाल झाला. तो रंग मी उंदरांच्या नळ्यांत असंख्य वेळा पाहिला होता. या वेळी नळीकडे पाहणे मला जड गेले. रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि विकार निश्चित झाला. ग्लुकोज चालू राहिले, सोडियम हळूहळू वर आणले. हात वाचले. श्वासाच्या यंत्राची गरज पडली नाही. पाय मात्र लगेच परतले नाहीत.

शुद्धीवर आल्यावर तिने मला ओळखले.

“मामाआजोबा, आजी म्हंते मी तुमचा उंदीर झाली.”

“उंदीर एवढे बोलत नसत.”

“मंग न बोलता त्यांले दवाखान्यातून सुट्टी कशी मिळत होती?”

मी तिला खरे सांगितले नाही. उंदरांना सुट्टी मिळत नसे.

भाच्याची तपासणी झाली. विकार त्याच्याकडून आला होता. त्याला स्वतःला कधी काही झाले नाही, पुरुषांत पुष्कळदा होत नाही. त्याला सांगितल्यावर तो रुग्णालयाच्या आवारात जाऊन बराच वेळ गाडीत बसून राहिला. मी जवळ गेलो नाही. नंतर मी त्याला एवढेच सांगितले की तुलाही ती औषधे चालणार नाहीत आणि तुलाही उपाशी राहता येणार नाही. त्याने दोन्ही गोष्टी माझ्याकडून वदवून घेतल्या आणि परत म्हणून दाखवल्या.

नात चालायला शिकली. प्रथम दोन माणसांच्या आधाराने, मग काठीने. व्यायाम करवणारी बाई कडक होती आणि पोरगी तिच्याहून हट्टी. उन्हाळ्यात ती बगीच्यातल्या पाटाच्या कडेने एकटी चालल्याचे भाच्याने फोनवर सांगितले. परीक्षा तिने एक वर्ष पुढे ढकलली. तिच्या पाकिटात एक कार्ड असते. कोणती औषधे देऊ नयेत ते त्यावर लिहिले आहे. पहिले नाव फेनोबार्बिटोनचे आहे. ते कार्ड मी स्वतः लिहून दिले.

यंदा नवरात्र जवळ आले तसा मला घोर लागला. विकार कळणे वेगळे आणि घराने तो मानणे वेगळे. गावात बोलणे सुरू झाले होते की गेल्या वर्षी व्रत अर्धे सुटले, देवी कोपली, यंदा पुरे केले नाही तर बरे होणार नाही. बहिणीचा फोन आला, पण ती घटाविषयी बोलली नाही; संत्र्याला बहार चांगला आहे, एवढेच म्हणाली. तिचे न बोलणे मला ठाऊक आहे. मी स्थापनेच्या दिवशी सकाळच्या बसने कारंज्याला गेलो. भांडण करावे लागले तर करायचे ठरवून गेलो. सोबत बाटल्या नव्हत्या. शब्द होते, आणि ते मी बसमध्ये जुळवले होते.

घट बसला होता. मातीत गहू पेरले होते. सून भिंतीशी बसली होती, भाचा दारात. नात घटासमोर पाटावर होती, पाय पुढे लांब करून. मांडी अजून पूर्ण घालता येत नाही. पहिली माळ तिच्या हातात होती.

“तू माळ चढवणार?” मी विचारले.

“मीच चढवणार. लेकीचा घट आहे यंदा. आजी म्हटली तसं.”

मी बहिणीकडे वळलो. जुळवलेले शब्द तोंडाशी आले होते.

“बस दादा,” ती म्हणाली. “आल्या आल्या तोंड उघडू नको. चहा तरी घे.”

तिने माझ्या हातात चहाचा कप दिला, मग स्वयंपाकघरात गेली आणि ताट घेऊन आली. वरण, भात, दोन पोळ्या, आणि वाटीभर शिरा, वर बेदाणे. ताट तिने घटासमोर ठेवले, पाणी फिरवले, नैवेद्य दाखवला. मग तेच ताट उचलून नातीच्या पुढ्यात सरकवले.

“आधी जेव. मंग माळ.”

“आजी, माळ चढवल्यावर जेवते ना. बायका काय म्हणतीन?”

“बायका म्हणतीन ते मी ऐकीन. उपाशी हातानं माळ चढवाची नाई या घरात. आता नाई.”

“अवं, पण देवी—”

“खाय. देवीले मी सांगते.”

पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी चहाचा कप हातात तसाच धरून होतो. माझ्या बोलण्याची तिथे गरज नव्हती.

ती जेवली. बहीण तिच्यासमोर जमिनीवर बसून होती, हाताची घडी घालून, ताटावरची नजर न हलवता. शिरा संपला तशी ती उठली आणि न विचारता वाटीत आणखी शिरा वाढला. ताट स्वच्छ झाल्यावर तिने नातीचे हात स्वतः धुतले, पुसले आणि माळ तिच्या हातात दिली.

माळ चढली. भाच्याने घंटा वाजवली. बहीण उठली ती गुडघ्यावर हात ठेवून, आणि जाता जाता माझ्या हातातला थंड झालेला कप काढून घेतला.

“दुसरा आणते,” ती म्हणाली. “साखर जास्त टाकू का, उंदराच्या डॉक्टरा?”